घरच्या अडचणीपायी फौजेतून मोकळीक : कोणतं दार आधी ठोठावायचं

आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही. राज्यघटनेच्या कलम 23(2) ने सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा सरकारला ठेवली आहे, पण फौज भरायला स्वतंत्र भारताला तिची गरज पडली नाही. भरतीच्या मैदानावर रांगा आपोआप लागतात. त्यामुळे 'एकुलता एक आहे, याला सूट द्या' असा अर्ज आपल्याकडे कुणी घेऊन जात नाही. आपली अडचण पुढे सुरू होते. पोरगा हौसेनं भरती होतो, सात-आठ वर्षं सरतात, आणि मग वडिलांना अर्धांगवायू होतो, किंवा भावजय दोन पोरं मागे ठेवून जाते, किंवा चुलत्यानं बांध रेटल्याचा फोन येतो. फौजींचं गाव अपशिंगे मिलिटरी असो वा सैनिक टाकळी, पारावरचा सल्ला मग ठरलेला असतो: सोड नोकरी आणि ये घरी.

हा सल्ला शेवटी द्यायचा असतो. फौजेत घरच्या अडचणीसाठी तीन दारं आहेत: रजा, बदली आणि नोकरीतून मोकळीक, म्हणजे डिस्चार्ज. ती याच क्रमानं ठोठावायची. तिसऱ्या दारातून बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत. पुढचं सगळं लष्करातल्या जवान आणि जेसीओंसाठी (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरांसाठी) आहे. अधिकाऱ्यांची वाट वेगळी, नौदल आणि हवाई दलाचे नियम त्यांचे त्यांचे.

आधी हे पाहा: जवान घरी असल्याशिवाय काम अडतंय का?

आजारपणात माणूस लागतो. जमिनीच्या वादात बहुतेक वेळा कागद लागतो, आणि कागद पोस्टानंही येतो. हा फरक न कळल्यानं कितीतरी जवान आपली वर्षाची रजा तहसील कचेरीच्या बाकावर संपवतात.

फेरफारावर हरकत घ्यायची असेल तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत गेली पाहिजे. ती घरातल्या माणसानं कुलमुखत्यारपत्रावर दिली तरी चालते. म्हणून रजेवरून परत निघण्याआधी बायकोच्या किंवा भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवणं हे टाक्या भरून ठेवण्याइतकंच नेमाचं काम समजावं. शेताचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. बांधाचा तंटा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरा. भांडणातली निम्मी हवा मोजणीच्या नोटिशीनंच जाते.

दावा दिवाणी कोर्टात गेला असेल तर दोन तरतुदी वकिलाच्या कानावर घाला. गावाकडच्या वकिलाला त्या आठवतीलच असं नाही. पहिली, दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर 28. रजा मिळत नसलेल्या सैनिकाला आपल्या वतीनं दावा चालवायला कुणालाही लेखी अधिकार देता येतो. ते अधिकारपत्र कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून, त्यांची सही घेऊन कोर्टात दाखल करायचं. दुसरी, 1925 चा भारतीय सैनिक (खटले) कायदा. जवान युद्धपरिस्थितीत, मोबिलाइज झालेल्या तुकडीत किंवा सरकारनं अधिसूचनेनं ठरवलेल्या खास परिस्थितीत नेमणुकीवर असेल तर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र कोर्टाकडे पाठवून खटला पुढे ढकलता येतो, आणि तो काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला जातो. म्हणजे सरहद्दीवर असताना मागे एकतर्फी निकाल लागेल ही भीती कायद्यानं बरीच कमी केली आहे. मात्र प्रमाणपत्र आपोआप निघत नाही. ते युनिटमध्ये मागावं लागतं.

तिसरा रस्ता पत्राचा. जवानानं युनिटमध्ये अडचण लेखी सांगितली की कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं पत्र जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांना जाऊ शकतं. त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळे तिथल्या अर्जाला टेबल सापडतं. पाठपुरावा मात्र घरच्यांनी करायचा. पत्र गेलं म्हणून गप्प बसलं तर ते पत्र फाइलमध्ये निवांत झोपतं.

कागद, आणि त्यातला सगळ्यात विसरलेला कागद

आई गंभीर आजारी आहे म्हणून अर्ज केला, आणि हेड क्लार्कनं विचारलं, आईची पार्ट टू ऑर्डर झाली आहे का? इथंच गाडी थांबते. लग्न, मुलांचे जन्म, अवलंबून असलेले आईवडील, घरातला मृत्यू, या सगळ्याची नोंद पार्ट टू ऑर्डरनं रेकॉर्ड ऑफिसात जाते. तिथं नाव नसेल तर फौजेच्या लेखी ती आई अवलंबून नाही, तिला मिलिटरी हॉस्पिटलात उपचार नाहीत आणि तिच्या आजाराच्या अर्जाला पायाही नाही. स्पेलिंगचंही तेच. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, फौजेत तिसरं. अडचण येण्याआधीच, कुठल्याही साध्या रजेत, ही तिन्ही नावं एक करून घ्या. मुलगा सहज सांगतो, 'करू की पुढच्या सुट्टीत.' या कामाला पुढची सुट्टी नसते.

आजारपणाचा दाखला शक्यतो सरकारी असावा: सिव्हिल हॉस्पिटल, मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांची सही. खाजगी डॉक्टरचे रिपोर्ट सोबत जोडा, पण एकटे नको. मुलाला अपंगत्व असेल तर यूडीआयडी कार्ड. मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला. कौटुंबिक परिस्थितीसाठी वंशावळ, ग्रामपंचायतीचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, गरजेप्रमाणे पोलीस पाटलांचा दाखला. जमिनीसाठी सातबारा, फेरफार आणि चालू दाव्याची प्रत.

या ढिगाऱ्यातून साहेबांना, म्हणजे कमांडिंग ऑफिसरना (सीओ), एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: घरात दुसरं कोण आहे? धाकटा भाऊ चाकणला कंपनीत असेल तर तो नाहीच असं दाखवू नका. तो आहे, शिफ्टमध्ये काम करतो, दोन खोल्यांत चार माणसं राहतात आणि आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा साताऱ्यात आहे, असं स्पष्ट लिहा. कारण चौकशी होते. युनिट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून किंवा पोलिसांकडून खात्री करून घेतं. लपवलेला भाऊ चौकशीत निघाला की खरा आजारही खोटा वाटायला लागतो.

आमदार-खासदारांची चिठ्ठी जोडू नका. सेवेच्या बाबतीत बाहेरचं वजन आणायला लष्करात मनाई आहे, आणि अशी चिठ्ठी अर्जापेक्षा जवानालाच अडचणीत आणते. पुढाऱ्याची ओळख असेलच तर ती मोजणीची तारीख लवकर मिळवायला वापरा.

पहिलं दार: रजा

जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 30 दिवस किरकोळ रजा असते. अग्निवीराला वार्षिक रजा 30 दिवसांची. रजा हा हक्क नाही, हे प्रत्येक दरबारात ऐकवलं जातं आणि ते खरंही आहे. पण खऱ्या अडचणीत ती बहुधा मिळते. वार्षिक रजा तुकड्यांत घेता येते, बोलीभाषेत पीएएल (रजेचा भाग) आणि बीएएल (उरलेली रजा). संपली असेल तर पुढच्या वर्षाची आगाऊ मागता येते, तिला एएएल म्हणतात. अनुभवी जवान एक तुकडा डिसेंबरपर्यंत हाताशी ठेवतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हे शहाणपण प्रत्येकानं उचलावं. गावच्या जत्रेला सगळी रजा उधळून ऑक्टोबरमध्ये हात रिकामे असणं बरं नव्हे.

पूर्वी 'मदर सीरियस, कम सून' अशी तार यायची. देशातली तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. तारेच्या काळातही खात्री व्हायचीच, कारण अशा तारा पिकं काढणीला आली की जास्त यायच्या. आता फोन येतो, पण फोनला पुरावा म्हणत नाहीत. दवाखान्यात दाखल केल्याचा कागद आणि डॉक्टरांचं नाव त्याच तासाला जवानाच्या मोबाइलवर पाठवा. तो कागद दाखवून कंपनी सीनियर जेसीओकडे गेलेला जवान आणि नुसता रडवेला होऊन गेलेला जवान, या दोघांच्या गाड्यांमध्ये एका रात्रीचा फरक पडू शकतो.

आता धोक्याची जागा. रजा संपली, वडील अजून आयसीयूत आहेत, आणि घरचे म्हणतात, 'राहा अजून चार दिवस, काय फाशी देणार आहेत का?' लष्करी कायदा, 1950 च्या कलम 39 प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय रजा उलटून राहणं हा गुन्हा आहे आणि त्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 30 दिवस गैरहजेरी झाली की कलम 106 प्रमाणे चौकशी बसते आणि पळपुटा म्हणून नोंद होऊ शकते. मग पोलीस घरी येतात. शिवाय गैरहजेरीचे दिवस पेन्शनच्या हिशेबात धरले जात नाहीत. चार दिवसांची माया अशी पंधरा वर्षांच्या हिशेबाला भोक पाडते.

म्हणून मुदतवाढ रजा संपायच्या आधी मागायची. युनिटला फोन करा, कुणाशी बोललात त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, मग तोच मजकूर कागदांसह लेखी पाठवा. लाइन लागत नसेल तर जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन लेखी द्या आणि पोच घ्या. जवान स्वतः आजारी पडला तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलात, ते नसेल तर सरकारी दवाखान्यात हजर व्हा. मुदतवाढीचं उत्तर आलं नाही तर होकार धरून चालू नका. ठरल्या तारखेला निघा.

अर्ज आणि इंटरव्ह्यू

रजेनं भागणार नसेल तर अर्ज. तो जवानानंच करायचा. आईनं किंवा पत्नीनं कमांडिंग ऑफिसरना पत्र लिहिलं तर उपयोग होतो, पण ते अर्जाला जोड म्हणून. युनिटमध्ये अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत जातो. एका पानात बसला पाहिजे. नंबर, रँक, नाव, नोकरीची वर्षं. सध्याची नेमणूक कधीपासून. घरात कोण कोण, वय आणि काय करतात. अडचण कधी सुरू झाली. आजवर काय उपाय केला, किती रजा त्यात गेली. आणि नेमकं काय हवं, किती काळासाठी, कुठल्या ठिकाणी. शेवटचं कलम सगळ्यात जास्त चुकतं. 'घराजवळ बदली मिळावी' असं लिहिलं तर ते कुणालाच मंजूर करता येत नाही. आईचं डायलिसिस जिथं आहे तिथून जवळची दोन-तीन स्टेशनं क्रमानं लिहा.

अर्ज कंपनी कमांडरमार्फत वर जातो, आणि मग साहेबांसमोर इंटरव्ह्यू होतो. सुभेदार मेजरना आधी सगळं सांगून ठेवा. युनिटमधल्या जवानांची घरं त्यांना जितकी माहीत असतात तितकी कुणालाच नसतात, आणि साहेब त्यांना विचारल्याशिवाय सहसा सही करत नाहीत. आत गेल्यावर तक्रारीचा सूर नको. 'सर, मला दोन वर्षं द्या, तोवर धाकट्याचं शिक्षण संपतं' हे वाक्य ऐकणाऱ्याला पुढचा रस्ता दाखवतं.

दुसरं दार: बदली

जवानाची बदली त्याच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस करतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. युनिटनं शिफारस करून अर्ज तिकडे पाठवला की तिथं जागेचा हिशेब होतो. म्हणजे सीओ साहेबांची इच्छा असूनही नकार येऊ शकतो, हे घरच्यांनी समजून घ्यावं.

कम्पॅशनेट पोस्टिंग, म्हणजे घरच्या अडचणीपायी मिळालेली बदली, ही कायमची घरवापसी नव्हे. ती मुदतीची असते, आणि जागा बहुधा रेजिमेंटल सेंटर, एनसीसी बटालियन, भरती कार्यालय अशा ठिकाणी निघते. कधी बदलीऐवजी घराजवळच्या युनिटला तात्पुरती अटॅचमेंट मिळते. तीही घ्या, चार महिन्यांची अटॅचमेंट हातात असताना बदलीसाठी भांडणं सोपं जातं. प्रमोशन कॅडर (बढतीचा कोर्स) जवळ आला असेल तर तो आधी उरकावा की नंतर, हे हेड क्लार्कला विचारून ठरवा. रँकचा पगार पुढे पेन्शनमध्ये येतो.

एक पर्याय पुष्कळांना आठवत नाही. जवान फील्डमध्ये असेल तर कुटुंबाला एसएफ (सेपरेटेड फॅमिली) क्वार्टर मिळू शकतं. मिलिटरी हॉस्पिटल आणि आर्मी स्कूल असलेल्या स्टेशनात आई, बायको आणि मुलं एकत्र राहिली तर जवान लेहला असूनही डायलिसिस चुकत नाही. आईला गाव सोडवत नाही, हा यातला खरा अडथळा असतो, आणि त्यावर कुठलंही रेकॉर्ड ऑफिस काही करू शकत नाही.

बदलीची मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी ताजे कागद लावून वाढीचा अर्ज करा. जुन्या रिपोर्टांवर वाढ मिळत नाही.

तिसरं दार: डिस्चार्ज

लष्करी नियम, 1954 च्या नियम 13 खाली मुदत संपण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज देण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरना आहे. अट अशी की विनंती मान्य करणं योग्य आहे याची त्यांची खात्री पटली पाहिजे आणि युनिटचं संख्याबळ त्यामुळे गैरवाजवी कमी होता कामा नये. मोबिलायझेशनच्या दिवसांत हे दार जवळपास बंदच समजा.

अर्ज लिहिण्याआधी एक आकडा काढा: क्वालिफायिंग सर्व्हिस किती झाली? जवानाच्या पेन्शनला 15 वर्षं लागतात. 14 वर्षं 3 महिने झालेला जवान जर आज घरी आला तर तो आयुष्यभराच्या पेन्शनवर पाणी सोडतो, आणि उरलेले नऊ महिने रजा, अटॅचमेंट, एसएफ क्वार्टर यांची मोट बांधून बहुतेक वेळा काढता येतात. मी तर म्हणेन, 12 वर्षं ओलांडलेल्यानं तिसऱ्या दाराचं नावही तोंडी आणू नये; घरात बघायला खरोखर कुणीही उरलं नसेल तर गोष्ट वेगळी.

15 वर्षांच्या आत गेल्यास, 5 वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, प्रॉव्हिडंट फंड आणि विम्याचा परतावा मिळतो, आणि हिशेब मिटतो. त्याहून मोठा तोटा कुणी सांगत नाही: पेन्शन न कमावता स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडलेला माणूस सरकारी व्याख्येत माजी सैनिक ठरत नाही. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, ते त्याला नाही. माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, नाही. म्हणजे ज्या आईच्या दवाखान्यासाठी नोकरी सोडली, तिच्या दवाखान्याचा आधारच त्या सहीनं जातो. आणि 15 वर्षं पूर्ण करून, पण स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी निघालेल्यालाही 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशानं वन रँक वन पेन्शनच्या लाभातून वगळलं, हे ध्यानात ठेवा.

अग्निवीराचं गणित वेगळं. चार वर्षांच्या मुदतीत स्वतःहून बाहेर पडायला योजनेत परवानगी नाही. अगदी अपवादात्मक प्रसंगी सक्षम अधिकारी मंजुरी देऊ शकतो. मंजुरी मिळालीच तर सेवानिधीतला स्वतःच्या पगारातून कापलेला 30 टक्के वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा तेवढाच वाटा मिळत नाही. पहिल्या वर्षी हा वाटा दरमहा 9,000 रुपये असतो, त्यावरून अंदाज बांधा.

एवढं सगळं मांडूनही उत्तर डिस्चार्जच येत असेल, आणि कधी कधी ते खरंच तेच असतं, तर अर्जासोबत बँकेची, कॅन्टीनची, फंडाची कर्जं किती आहेत त्याची यादी करा. ती अंतिम हिशेबातून वळती होतात. पत्नीशी बोलणं झालंय का, हे साहेब विचारतात. तिच्या माघारी हा अर्ज करू नका. मन बदललं तर आदेश अमलात यायच्या आधीच लेखी माघार घ्यायची.

नकार आला तर

नकार लेखी मागा. कारण समजलं की त्या कारणाला उत्तर देणारा एक नवा कागद लावून पुन्हा अर्ज करता येतो, आणि हीच वाट बहुतेकदा पोचवते. वरिष्ठाकडून अन्याय झाला असं वाटत असेल तर लष्करी कायद्याच्या कलम 26 खाली जवानाला तक्रार करता येते.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतही आहे, म्हणून कुणी वकील तिकडे चला म्हणाला तर एवढं विचारा की प्रकरण कशाचं आहे. 2007 च्या कायद्यानं त्या न्यायाधिकरणाच्या कक्षेतून बदल्या आणि सगळ्या प्रकारच्या रजा वगळल्या आहेत. डिस्चार्ज, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांचे वाद तिथं चालतात. बदलीसाठी कायद्याची वाट उच्च न्यायालयाच्या रिट अर्जाची आहे, आणि बदलीत न्यायालयं फारच क्वचित हात घालतात. वकिलाची फी देण्याआधी सुभेदार मेजरना पुन्हा एकदा भेटा, आणि तोवर आईचा ताजा रिपोर्ट सिव्हिल हॉस्पिटलातून काढून ठेवा.